पाळलेला कुत्रा चावला, तर जबाबदार कोण?

“डॉक्टर, शेजाऱ्यांचाच कुत्रा आहे, पाळलेला. इंजेक्शनं घ्यायलाच हवीत का?” हा प्रश्न दवाखान्यात नेहमी येतो. पाठोपाठ हळू आवाजात दुसरं वाक्य येतं, “उगाच त्यांच्याशी वाईटपणा नको.” भटक्या कुत्र्यांवर आपण तावातावाने बोलतो, पण मालक असलेल्या कुत्र्याबद्दल संकोचतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. आपल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी न घेणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. १ जुलै २०२४ पूर्वीच्या जुन्या कायद्यात दंडाची मर्यादा १,००० रुपये होती. यातला ‘संभाव्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कुत्रा चावेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

काही जण म्हणतात, आक्रमक जातींवरच बंदी घाला. ब्रिटनने १९९१ मध्ये पिट बुल टेरियरसह चार जातींवर बंदी घातली. तरी २०२३ मध्ये त्या यादीत एक्सएल बुलीची भर घालावी लागली. त्याच कायद्यातली दुसरी तरतूद मला जास्त पटते. जात कोणतीही असो, कुत्रा धोकादायकरीत्या अनावर झाला तर मालक दोषी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१४ पासून हा नियम खाजगी जागेतही लागू आहे.

डॉक्टर म्हणून मी मालकाच्या बाजूने का झुकत नाही, तेही सांगतो. लहान मुलांची उंची कमी, त्यामुळे त्यांना चेहऱ्यावर किंवा मानेवर चावा बसण्याचा धोका जास्त. जखम मेंदूच्या जवळ असेल तर रेबीज लवकर उद्भवू शकतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून माझं मत असं, की दंडाबरोबर जखमी माणसाच्या उपचाराचा खर्चही मालकाने द्यावा, आणि त्यासाठी त्या माणसाला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत.

कुत्रा पाळणाऱ्यांनो, दरवर्षी रेबीजची लस, महापालिकेचा परवाना आणि बाहेर पडताना पट्टा एवढं नक्की करा. “आमचा चावत नाही” हे वाक्य खबरदारी होत नाही.

आणि चावा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. खोल किंवा रक्त आलेल्या जखमेला लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. मालकाकडे कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड जरूर मागा, पण ते मिळेपर्यंत उपचार थांबवू नका. वाईटपणा नंतर मिटवता येतो.