दोन टक्क्यांचे दान आणि उचलीची बेडी

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठी गळीत हंगाम सुरू झाला की वर्तमानपत्रांत दोन प्रकारच्या बातम्या येऊ लागतात. एका पानावर कारखान्याने शाळेला संगणक दिल्याचा, रोपे लावल्याचा, आरोग्य शिबिर भरवल्याचा फोटो असतो. दुसऱ्या पानावर उचल बुडवल्याबद्दल ऊसतोड मजुरावर गुन्हा दाखल झाल्याची चार ओळींची बातमी असते. या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे कोणी सांगत नाही. तो सांगणे आम्हाला आवश्यक वाटते.

उद्योगांच्या नीतिमत्तेची चर्चा आज ‘सीएसआर’ या तीन अक्षरांत संपते. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची, असे हे कलम सांगते. पण हे कलम ‘कंपनी’साठी आहे. सहकारी संस्था म्हणून नोंदलेला साखर कारखाना कंपनी नाही, म्हणून त्याला ते लागूच नाही. आणि खासगी कारखान्याला लागू झाले तरी ते विचारते फक्त एवढेच, की नफ्यातले दोन टक्के कुठे गेले? उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कोणाच्या घामातून आले, हा प्रश्न त्या कलमात नाही.

तो घाम कसा वसूल होतो ते पाहा. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी आणि मुकादम मजुराशी. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पावसाळ्यात घरात दाणा नसताना उचल दिली जाते आणि ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने फडात राबावे लागते. हिशेब मुकादमाच्या वहीत. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. काही घडले की कारखाना म्हणतो, हे आमचे कामगारच नव्हेत! साखर मात्र कारखान्याची असते.

या व्यवहाराला कायद्यात नाव आहे. वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम १९७६ नुसार, आगाऊ रकमेच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे किंवा मोकळेपणाने फिरण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले, तर ती वेठबिगारी होय. असे कर्ज कलम ६ प्रमाणे संपुष्टात येते. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे कलम १५ प्रमाणे सावकाराने सिद्ध करायचे असते. १९८२ च्या एशियाड कामगार खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे हेही घटनेच्या कलम २३ चे उल्लंघन ठरवले आणि हे कलम खासगी मालकालाही बांधील आहे असे सांगितले. प्रत्येक उचल वेठबिगारी असते असे आम्ही म्हणत नाही. पण मजुराला टोळी सोडून जाता येत नसेल, तर आरोपी कोण आणि फिर्यादी कोण हे पोलिसांनी नव्याने तपासले पाहिजे.

यावर सांगितले जाते की मुकादमच वाहतूकदारांना लाखो रुपयांना बुडवतात. हे खरे आहे, आणि त्यात कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला लहान शेतकरीही भरडला जातो. पण हे दुखणे कशाचे? मजुराशी थेट करार करून त्याच्या बँक खात्यात मजुरी भरण्याची जबाबदारी कारखान्याने अंगाबाहेर टाकली, त्याचे. दुसरे म्हणजे प्रतिटन दहा रुपये घेऊन गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ चालवण्याची योजना झाली, याकडे बोट दाखवले जाते. कल्याण हवेच. पण कल्याण म्हणजे हक्क नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली ती संघटनांच्या आंदोलनामुळे, कोणाच्या दानामुळे नव्हे.

बीड जिल्ह्यात २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्राच्या साखरेचा धागा कोका-कोला व पेप्सिको या कंपन्यांपर्यंत नेऊन दाखवला, तेव्हा जगाला धक्का बसला. आपल्या फडाच्या बांधावर उभे राहणाऱ्यांना मात्र त्यात नवे काही नव्हते.

‘शाश्वत विकास’ हा शब्दही याच कसोटीवर घासावा. सांगली जिल्ह्यातच पश्चिमेला उसाला भरमसाट पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या आणि पूर्वेला जत, आटपाडीची माणसे पाण्याविना कोयता उचलून घराबाहेर पडली. साताऱ्यात माण-खटावची तीच कथा. जमीनही टिकत नाही आणि माणूसही टिकत नाही, तर या विकासात शाश्वत काय आहे? शाश्वत आहे ती फक्त उचल!

मालकाच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसाचे मूलभूत हक्क कागदावरच राहतात, हा धोका बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये दाखवून दिला होता. तथागतांनी सम्यक आजीविका सांगताना माणसांचा व्यापार निषिद्ध ठरवला. ज्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव शाळेत दाखल झाले, त्याच जिल्ह्यात नोव्हेंबर महिन्यात मजुरांची मुले शाळा सोडून फडात येतात. विद्यार्थी दिवस साजरा करताना ही मुले आपल्याला आठवली पाहिजेत.

मग करायचे काय? १९७६ च्या कायद्यातील कलम १३ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावी लागते. जिल्हा समितीत अनुसूचित जाती-जमातीचे तीन स्थानिक सदस्य जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नेमायचे असतात. सातारा आणि सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. समिती आहे काय? सदस्य कोण? गेल्या पाच वर्षांत बैठका किती झाल्या आणि किती फडांना भेटी दिल्या? त्या तीन जागा आपल्या आहेत. त्या रिकाम्या असतील, किंवा कारखान्याच्या माणसांनी भरल्या असतील, तर वृक्षारोपणाच्या फोटोला हार घालण्याऐवजी तिथे जाऊन जाब विचारणे हे आपले काम आहे.