अठरा तासांचा अभ्यास आणि आठ तासांचा हक्क

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. पहाटे सहाला बुद्धवंदना, मग वाचनाला सुरुवात आणि रात्री बाराला समारोप. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत, त्यांना ही मानवंदना. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या विहारातही हा उपक्रम होतो. मुलं मनापासून बसतात. बघून ऊर भरून येतो.

दोन वर्षांपूर्वी दुपारी चारच्या सुमाराला अकरावीतली एक मुलगी पुस्तकावरच कलंडली. पत्र्याचा मांडव, एप्रिलचं ऊन. आम्ही तिला सावलीत आडवी केली, तोंडावर पाणी मारलं. एक जण म्हणाला, “आताच्या पोरांत दमच नाही. बाबासाहेबांनी पावावर दिवस काढले.” शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं, सकाळपासून काय खाल्लंस? दोन वेळा चहा आणि एक बिस्किटाचा पुडा. घरून पहाटे पाचला निघाली होती, कारण निघण्याआधी भांडी घासून पाणी भरायचं होतं. आई डाळिंबाच्या बागेत रोजानं गेली होती. ती संध्याकाळी सातला पिकअपमधून उतरली आणि डोक्याचा रुमालही न सोडता लेकीला न्यायला आली.

पुढच्या आठवड्यात मी दोघींना रक्त तपासायला नेलं. मुलीचं हिमोग्लोबिन नऊ, आईचं आठच्या खाली. आई रोज कामावर जात होती, घरी येऊन स्वयंपाक करत होती, आणि शेजारपाजारी तिला “जरा कंटाळखोर आहे” म्हणत होते.

मी तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रावर काम केलं. त्या अनुभवावरून माझं मत सांगते. दिवसभर नीट काम करण्याची ताकद जिद्दीतून येते, हे अर्धंच खरं आहे. उरलेली अर्धी रक्तातून, भाकरीतून, झोपेतून आणि विसाव्यातून येते. आपण आपल्या लेकरांना जिद्द भरपूर शिकवली. दुसरी अर्धी बाजू शिकवायची राहून गेली.

बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन आकडे

अठरा हा आकडा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण बाबासाहेबांच्या आयुष्यात दुसराही एक आकडा आहे, आठ. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही चालणाऱ्या कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. सहा दिवसांनी भागलं की दिवसाचे आठ. त्याच्याही आधी, १९२८ साली, मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी कामगार बायांना बाळंतपणात पगारी विश्रांती देणाऱ्या विधेयकाची बाजू उचलून धरली होती.

म्हणजे स्वतः अठरा तास राबणाऱ्या माणसाने तुमच्या-माझ्यासाठी मागितले ते आठच तास. यातला अर्थ ओळखायला हवा. त्यांच्या पिढीपुढे दुसरा मार्ग नव्हता. एका माणसाला शेकडो वर्षांची उणीव एका आयुष्यात भरून काढायची होती. त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. मधुमेहाने त्यांना पोखरलं, आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. त्यांचा त्याग आठवायचा तर वर्षातून एक दिवस अठरा तास जरूर बसावं. पण रोजच्या जगण्याचं माप म्हणून त्यांनी आपल्या हाती आठ तास दिलेत.

सोण भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकतो. चंक्रमण करून करून त्याच्या पायांतून रक्त आलं, तरी मनाला शांती मिळेना. तो आधी वीणा वाजवायचा. तथागतांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर? ही गोष्ट वीर्याची, म्हणजे प्रयत्नाची आहे. प्रयत्न सोड असं तथागत त्याला म्हणाले नाहीत. तार बरोबर लाव, एवढंच सांगितलं.

आधी रक्त तपासा, मग आळशी म्हणा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. निम्म्याहून जास्त. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर, गरोदर बाईचं ११ च्या वर, पुरुषाचं १३ च्या वर असायला हवं. रक्तातला हा लाल पदार्थ अंगभर प्राणवायू पोचवतो. तो कमी पडला की चार पायऱ्या चढून धाप लागते, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते, पुस्तकात लक्ष लागत नाही, उगाच चिडचिड होते. अशा माणसाला “वेळेचं नियोजन कर” म्हणणं म्हणजे तेल नसलेल्या दिव्याची वात वर करण्यासारखं आहे.

माझीच गोष्ट सांगते. गावोगाव लोहाच्या गोळ्या वाटत फिरणारी मी, नोकरीच्या बाराव्या वर्षी माझं स्वतःचं रक्त साडेआठ निघालं. गोळ्या वाटल्या, पण स्वतः घेतल्या नाहीत. सकाळी उपाशी निघायचं आणि चहावर दुपार काढायची. मला वाटायचं, वय होतंय.

उपाय महाग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. गोळीबरोबर लिंबूपाणी किंवा पेरू घेतला तर लोह चांगलं लागतं. शौचाला काळं झालं तर घाबरून गोळी बंद करू नका. आकडा वर आला तरी डॉक्टर सांगतील तितके महिने कोर्स पुरा करा.

ताटात काय हवं, ते आपल्या आयांना ठाऊक होतं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, शेंगदाणे, वर लिंबू पिळलेलं. मांसाहार करणाऱ्यांनी अंडी, कलेजी खावी. भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी मिळते, तीही चांगली. आपल्याकडच्या गरिबाच्या जेवणाला कमीपणा देऊन आपण चहा-बटर आणि कुरकुरीत पुड्यांवर आलो, त्यात ताकद गेली.

रक्त ठीक असूनही थकवा जात नसेल तर साखर आणि थायरॉइड तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासा. मन सतत उदास असेल, झोप उडाली असेल, तर तोही आजारच आहे. तेही डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

बाटलीतली ताकद

अशक्तपणा आला की सलाइन लावून यायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. एका दिवसाची मजुरी त्यात जाते. पण त्या बाटलीत असतं काय? ५ टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे सहाएक चमचे. एका भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे. साध्या सलाइनमध्ये तर नुसतं मीठ-पाणी. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या, तोंडाने काही घेता न येणाऱ्या रुग्णाचा सलाइनने जीव वाचतो. पण रोजच्या थकव्यावर तिचा उपयोग नाही. रक्त तर तिने मुळीच वाढत नाही. जो डॉक्टर रक्त न तपासता दर महिन्याला बाटली लावतो, त्याला कारण विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

मिश्री आणि तंबाखूचंही तसंच. मिश्री लावली की तरतरी येते असं बाया सांगतात. ती भूक मारते. भूक मेली की न्याहारी टळते, आणि अकरा वाजता पुन्हा मिश्रीची तलफ येते. ताकद वाढत नाही, उलट तोंडाच्या कॅन्सरची वाट मोकळी होते. पुरुषांची संध्याकाळची दारूही ‘अंग दुखतंय म्हणून’ सुरू होते. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडमोडकी होते, आणि माणूस सकाळी आणखी दमलेला उठतो.

काम करावं कसं

ज्या बाया खुरपणीला, कांदालागणीला, द्राक्षाच्या विरळणीला जातात त्यांनी घर सोडण्याआधी अर्धी का होईना भाकरी खावी. उक्त्या कामात कोणी थांबत नाही, कारण थांबलं की पैसा थांबतो, हे मला माहीत आहे. पण टोळीने ठरवलं तर दर दोन तासांनी दहा मिनिटं सावलीत बसता येतं. एकटी बसली तर बोलणी खाते, सगळ्या बसल्या तर तो नियम होतो. दुसरी गोष्ट पाण्याची. शेतात आडोसा नाही म्हणून कित्येक बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. डोकं दुखणं, लघवीची जळजळ, चक्कर यांचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. कामाचा ठराव करताना मजुरीबरोबर आडोसाही मागा.

बारामती किंवा लोणी देवकर एमआयडीसीत, किंवा गळीत हंगामात साखर कारखान्यात पाळीने जाणाऱ्यांनी झोपेचे सात तास मोजून घ्यावेत. रात्रपाळीहून आलात तर हलकं खा, खोलीला जाड पडदा लावा आणि घरच्यांनी टीव्ही बंद ठेवावा. पाळीच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा टाळा. वस्तीनेही एवढं करावं की रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. कायद्यात तेच आहे, आणि भोंग्याखाली झोपणारा कामगार आपलाच भाऊ आहे.

अभ्यासिकेत बसणाऱ्या, पोलीस भरतीच्या ग्राउंडला पळणाऱ्या मुलामुलींनो, रात्री दोनपर्यंत जागून पहाटे पाचला उठू नका. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. दुपारी वीस मिनिटं डोळे मिटा. पळायला जाण्याआधी एक केळं किंवा मूठभर चणे-गूळ खा.

तासांचा प्रश्न एकट्याचा नाही

एवढं सगळं करूनही तास पुरत नसतील तर दोष तुमचा नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट मोबदला ठरवून दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही नऊ तासांची मर्यादा बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील आणि जादा कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असं सांगितलं जातं. पण ठेकेदाराच्या हाताखालचा पोरगा “मी सही करत नाही” असं किती दिवस म्हणू शकेल? बारा तासांची पाळी, जायला-यायला दोन तास, मग झोपायचं कधी आणि मुलांचा अभ्यास घ्यायचा कधी? आठ तासांचा मुद्दा युनियनवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नका. तो आरोग्याचाही मुद्दा आहे.

आणि घरात? तिथे तर कुठलाच कायदा नाही. बाई पहाटे चारला उठते, रात्री दहाला आडवी होते. मोजा, अठरा तास होतात. तिला कोणी मानवंदना देत नाही, तिचा फोटो कोणी काढत नाही. समतेची भाषणं आपण करतो. मग पाणी भरणं, पीठ मळणं, भांडी घासणं यात घरातल्या पुरुषांचा आणि मुलग्यांचा वाटा का नसावा? दिवसातला एक तास जरी त्यांनी उचलला तरी तिला एक तास झोप मिळेल. कुठल्याही टॉनिकपेक्षा ती मोठी आहे. ताट वाढतानाही बघा, भाजी संपल्यावर जेवायला कोण बसतं ते. रक्त कुणाचं कमी आहे, याचं उत्तर तिथेच मिळेल.

माझी विहार समित्यांना एक सूचना आहे. वर्षावासात ग्रंथवाचनाला सगळी वस्ती जमते. त्यातल्या एका पौर्णिमेला उपकेंद्राच्या सिस्टरांना बोलवा आणि लहानथोर सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

आणि १४ एप्रिलचे अठरा तास? ते बंद करू नका. फक्त एकट्या लेकराच्या अंगावर टाकू नका. सहा जणांनी तीन-तीन तास वाटून घ्या. मुलगी वाचेल तेव्हा भाऊ भाकरी करेल, बाप वाचेल तेव्हा आई जरा आडवी होईल. वाचन अठरा तास अखंड चालू राहील, आणि कोणी पुस्तकावर कलंडणार नाही. आमच्या विहारात गेल्या वर्षी आम्ही असंच केलं. चार वाजता ती मुलगी वाचत होती. तिची आई मांडवाच्या कडेला, सावलीत, गाढ झोपली होती. तिला कोणी उठवलं नाही.