गाडीला अंघोळ, हातांना शिक्षा

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हाही आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे ५ वाजता कुणीतरी गार पाण्याच्या बादलीत हात बुडवत असतं. आपल्या लेखी तो 'गाडी पुसणारा'. त्याला आपला गाडीनंबर पाठ असतो, आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं.

पाणी हे हवेपेक्षा २० पटींहून चांगलं उष्णतावाहक आहे. गार पाणी हातातली ऊब झरझर ओढून घेतं. ओल्या हाताला वारा लागला की उरलीसुरलीही जाते. बोटं बधिर होतात, कातडी उलते, भेगांत साबण झोंबतो. आणि हे रोज, गाडीमागून गाडी.

कशासाठी? हिवाळ्यात चिखल नसतो, असते कोरडी धूळ. तीच धूळ एकाच फडक्याने, एकाच बादलीत बुचकळून घासली की रंगावर बारीक ओरखडे उठतात. म्हणजे गाडीचंही भलं नाही.

'तो पैसे घेतो ना!' घेतो. पण पहाटेची वेळ त्याने नाही, आपल्या ऑफिसने ठरवलीय. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी बाथरूमपर्यंत येतं, पार्किंगच्या नळाला येत नाही, हेही आपणच ठरवलंय.

मग सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ठराव मांडा: हिवाळ्यात गाडी आठवड्यातून एकदाच धुवायची. शनिवार-रविवारी, ऊन आल्यावर, कोमट पाण्याने. रबरी हातमोजे सोसायटीने द्यायचे. पैसे मात्र पूर्ण महिन्याचे.

धुळकट गाडीतून ऑफिसला गेलं म्हणून कुणाची नोकरी जात नाही.