हप्त्यालाही बाळंतपणाची रजा हवी

नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणासाठी कायदा २६ आठवड्यांची पगारी रजा देतो. तिच्या हप्त्यांना मात्र एका दिवसाचीही सुट्टी नसते. घराचे कर्ज, स्कूटीचा हप्ता, पतसंस्थेची कपात, भिशी, मोबाइलचे उरलेले हप्ते हे सगळे ठरल्या तारखेला दारात उभे राहतात. नाशिक जिल्ह्यात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत, निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये आज असंख्य बायका कमावतात आणि त्यांच्या पगारावर घराचे हप्ते बेतलेले असतात. बाळ येते तेव्हा खर्च वाढतो, पैसा उशिरा येतो किंवा येतच नाही आणि नेमक्या याच फटीत महागडे कर्ज शिरते.

अंबडच्या एखाद्या कारखान्यात महिन्याला १८,००० रुपये मिळवणारी कामगार डोळ्यांसमोर आणा. तिच्या पगारपत्रकावर दरमहा १३५ रुपयांची कपात दिसते. ती राज्य कामगार विम्याची, म्हणजे 'ईएसआय'ची. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना हा विमा लागू होतो. मागच्या दोन अंशदान कालावधींत किमान ७० दिवसांचे अंशदान भरलेले असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांचा पूर्ण सरासरी पगार याच विम्यातून मिळतो. या कामगाराच्या बाबतीत ही रक्कम लाखाच्या घरात जाते. सातपूरचे विमा रुग्णालय घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते, पण रजेतला पगारही त्याच कार्डावर मिळतो हे अनेकींना बाळ रांगायला लागल्यावर कळते. ठेकेदारामार्फत कामाला असलेल्या बाईलाही हा हक्क आहे. ठेकेदाराने अंशदान भरले नाही, तर ते भरण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

ज्यांना 'ईएसआय' लागू नाही, त्यांचा पगार मालकाने द्यायचा असतो. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरी मूळ हक्क कायम आहेत. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की पुरे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या काळाचा पगार आगाऊ द्यायचा आणि उरलेला पगार प्रसूतीचा दाखला मिळाल्यापासून ४८ तासांत द्यायचा, असे कायदा स्पष्ट सांगतो. रजा संपून कामावर परतल्यावर हिशेब करू, असे सांगणारा मालक कायदा मोडत असतो आणि त्याचा भार ती बाई व्याजाच्या रूपाने उचलत असते.

शेतमजूर, घरकामगार, पॅकहाउसमध्ये हंगामी काम करणाऱ्या बायका या चौकटीच्या बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळासाठी दोन टप्प्यांत ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीपुढे ही रक्कम फारच तोकडी आहे. तरीही अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे वेळेत नोंद करून ती घेतलीच पाहिजे.

हक्काचे सगळे मागून झाले आणि तरीही कमी पडले, तर कर्ज घ्यावे लागते. त्यात कमीपणा काही नाही. पण कोणाकडून घ्यायचे, हे डोके शांत असताना, म्हणजे सातव्या महिन्यातच ठरवायला हवे. ओळखीच्या सावकाराचा दर 'शेकडा पाच' असतो. ऐकायला तो किरकोळ वाटतो. ५०,००० रुपयांवर महिन्याला २,५०० रुपये व्याज, सहा महिन्यांत १५,००० रुपये, आणि मुद्दल जसेच्या तसे. घरातले दागिने बँकेत ठेवून वर्षाला १० टक्के दराने तेवढेच कर्ज घेतले, तर सहा महिन्यांचे व्याज २,५०० रुपये होते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवानाधारकालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ आणि नसेल तर १८ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के!

बचत गटाचे कर्ज बहुतेक ठिकाणी शेकडा दोनने मिळते. ते स्वस्त नाही, पण व्याज गटातच राहते आणि समोर बसलेल्या बायकांना अडचण सांगता येते. मोबाइलवर दहा मिनिटांत पैसे देणाऱ्या ॲपपासून मात्र लांब राहावे. ते ॲप फोनमधले सगळे संपर्क मागत असेल, तर तेवढे एकच कारण नकाराला पुरेसे आहे, कारण रिझर्व्ह बँकेने त्याला मनाई केली आहे. कर्ज देणाऱ्या अधिकृत ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. सही करण्याआधी ती पाहावी आणि कर्जाचा एकूण वार्षिक खर्च लेखी मागावा. डोहाळजेवण आणि बारसे लॉन्सवर थाटात करण्यासाठी तर एक रुपयाही कर्ज काढू नये. तो पैसा बाळंतिणीच्या खाण्यापिण्यावर आणि औषधांवर जायला हवा.

इथवरची काळजी घराने घ्यायची. पुढचे काम संस्थांचे आहे.

पगारदार पतसंस्थेचा हप्ता कंपनी पगारातून परस्पर कापून देते. विम्यातून पैसे मिळणाऱ्या कामगार बाईचा कंपनीतला पगार रजेत थांबतो, म्हणजे कपातही थांबते. थकबाकी दिसू लागते आणि तगादा जामीनदारांकडे जातो. जामीनदार म्हणजे त्याच खात्यातल्या, शेजारच्या मशीनवरच्या मैत्रिणी. ओल्या बाळंतिणीला फोन येऊ लागतात. मग एक हप्ता भरण्यासाठी ती दुसरे कर्ज काढते. तिने पैसे बुडवलेले नसतात, ती फक्त आई झालेली असते.

हे टाळता येते, आणि त्याला आपल्याच देशात आधार आहे. करोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत कर्जदारांना हप्ते पुढे ढकलता आले. २६ आठवडे म्हणजेही सहाच महिने. साथीसाठी जे जमले, ते बाळंतपणासाठी न जमण्याचे कारण नाही. बाळंतपणाची तारीख तर आधीपासून माहीत असते. व्याज चालू राहील, मुदत सहा महिन्यांनी वाढेल, संस्थेचा पैसा बुडणार नाही. आज एखादी बाई एकटी बँकेत गेली, तर तिच्या कर्जाची पुनर्रचना होऊ शकते, पण तशी नोंद पतअहवालात राहून पुढे अडचण करू शकते. म्हणून ही सवलत कर्जाच्या नियमातच लिहिलेली हवी, म्हणजे ती मागणारी थकबाकीदार ठरणार नाही.

आईच्या विश्रांतीचा खर्च तिच्या एकटीच्या माथी मारू नये, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, तो आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, या भूमिकेतून. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. तेव्हा कामगार बाईपुढे प्रश्न मजुरी बुडण्याचा होता. आज त्यात हप्त्यांची भर पडली आहे.

सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. नाशिकच्या प्रत्येक पगारदार पतसंस्थेच्या सभासदांनी, पुरुष सभासदांनीही, या वर्षी एक लेखी सूचना द्यावी: बाळंतपणाच्या रजेत सभासदाचे सहा हप्ते अर्ज करताच पुढे ढकलले जातील, दंडव्याज लागणार नाही आणि जामीनदाराला नोटीस जाणार नाही. एका संस्थेने हा ठराव केला, तर बाकीच्यांना नाही म्हणणे अवघड जाईल.