पाणी येतंय की जातंय?

गेल्या पावसाळ्यात तोरण्याच्या पायथ्याशी आमच्या ग्रुपची चुकामूक झाली. पाचजण खाली पोचलो, सहावा मागेच. पाय मुरगळलेला, मोबाईलची बॅटरी चार टक्के.

'कुठे आहेस?'

'ओढ्याच्या डाव्या बाजूला, मोठ्या आंब्याखाली.'

झालं! आम्ही ओढ्याच्या डाव्या बाजूने वर निघालो. पाऊण तास हाका मारल्या. आंबा सापडेना आणि अंधार तर पडायला लागला. तो उतरता उतरता बसला होता, म्हणजे तोंड खाली. आमचं तोंड वर. त्याचं डावं ते आमचं उजवं! पाच-पाच इंजिनियर्सच्या टाळक्यात हे येऊ नये?

गुरं घेऊन परतणाऱ्या एका काकांनी विचारलं, 'त्याच्याकडं पानी येतंय का त्याच्यापासनं जातंय?' फोन लागला, नशीब. 'जातंय.' काकांनी पलीकडचा काठ दाखवला. पंधरा मिनिटांत आंबा, आंब्याखाली आमचा हीरो.

काकांच्या बोलण्यात डावं-उजवं नव्हतंच. वरचं अंग, खालचं अंग, उगवत, मावळत. आपण कुठेही वळलो तरी यातलं काही हलत नाही. (अल्याड-पल्याड मात्र बोलणारा कुठे उभा आहे त्यावर, तेव्हा फोनवर जपून!) त्या भागाचा पत्ताच मुळी पाण्यावरून. कानंदीचं ते कानद खोरं, पवनेचं पवन मावळ, आंद्रेचं आंदर मावळ. आणि 'मावळ' म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, असं सांगतात.

डावं-उजवं वापरायचंच असेल तर पाटबंधारेवाल्यांचा नियम आहे: पाणी जातंय तिकडे तोंड करायचं, मग हात मोजायचे. खडकवासल्याहून पुण्यात येणारा मुठा उजवा कालवा याच हिशेबाने उजवा. धरणाकडे तोंड करून उभे राहा, तो तुमच्या डाव्या हाताला! २७ सप्टेंबर २०१८ला दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसलं, ते हाच कालवा फुटून. नाव रोज ऐकलेलं, पण उजवा कुणाच्या हिशेबाने, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं.

आता आमच्या ग्रुपमध्ये ट्रेकच्या आदल्या रात्री एक मेसेज फिरतो: हरवलात तर आधी पाण्याकडे बघा. आणि आंब्याखालचा हीरो? परवा त्याला विचारलं, एफसी रोडवर नक्की कुठे भेटायचं. म्हणाला, 'मुठेच्या डाव्या काठाला ये, मग फोन कर.'