गाडी अर्धी खाली करून चालत न्हाय

दोस्तांनो, हल्ली एक नवं कीर्तन लागलंय. बुवा सुटाबुटात आलेत, पण पालुपद जुनंच आहे : तुम्ही आळशी, म्हणून तुम्ही मागं. २०२३ साली इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास राबायला सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. लिलावच म्हणा की. बोली त्यांची चढते, माल मात्र आपला.

हे कीर्तन आता आपल्या वस्तीतही पोचलंय. पत्राशेडची, मिलिंदनगरची, आनंदनगरची पोरं हिंजवडीला जातात. बरीचशी झाडूपोछ्याला नि गेटवर, पण काही आता कोड लिहायला. त्यांच्या लॅपटॉपात डोकावा. अर्धवट प्रोग्रामांचं स्मशान असतं. एकानं नोकऱ्यांची माहिती देणारा प्रोग्राम घेतला, सोडला. दुसऱ्यानं भीमगीतांचा साठा करायला घेतला, लॉगिनच्या पानावर अडकला. आता तर यंत्राला सांगितलं की ते अर्ध्या तासात कोड ओकतं. सुरुवात स्वस्त झाली, शेवट होता तेवढाच महाग राहिला. आणि पोरगा रात्री बाराला मोबाइलवर बघत बसतो : पहाटे पाचला उठा, दार बंद करा, मन एकाग्र करा. च्यायला, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं. दार बंद करून कुणाला बाहेर ठेवायचं? आज्जीला?

मी मॅट्रिक. चाकणच्या गोदामात डॉकवर हमाली करतो, उरलेल्या वेळात कविता लिहितो. मला कोड येत नाही. पण काम पुरं कसं होतं ते मला कळतं, कारण अर्ध्या कामाचे पैसे मला कुणी देत नाही.

डॉकचा हिशेब ऐका. चार गाड्या लागल्यात आणि टोळी आठ जणांची. कच्चा मुकादम दोन-दोन माणसं वाटून देतो. सगळ्या गाड्या चालू दिसतात, वरून बघणारा साहेब खूष. संध्याकाळी चारही गाड्या अर्ध्या, चार ड्रायव्हर शिव्या देतायत, वाटेत थप्प्या पडल्यात, फोर्कलिफ्टला वळायला जागा नाही आणि एकाही चलनावर सही नाही. मुरलेला मुकादम टोळी एका गाडीला जुंपतो. ती खाली झाली, सही झाली, गाडी गेटबाहेर गेली की मगच दुसरी. कोड लिहिणाऱ्याची टोळी तर एका डोक्याची. त्यानं पाच गाड्या लावून घेतल्यावर काय होणार?

ही गोष्ट जपानच्या टोयोटा कारखान्यात ताईची ओनो नावाच्या माणसानं दुसऱ्या महायुद्धानंतर पद्धतशीर बसवली. पुढच्या टप्प्याला लागेल तेवढंच मागच्यानं करायचं. मागणीचं कार्ड आल्याशिवाय हात लावायचा नाही. त्या कार्डाला कानबान म्हणतात. अर्धवट पडलेला माल म्हंजे अडकलेला पैसा, हे मालकलोकांना कळलं. चाकण-पिंपरीचे मोटार कारखाने याच हिशेबावर चालतात, म्हणून तर सुट्या भागांच्या गाड्या दिवसरात्र तळेगाव-चाकण रस्त्यावर धावत असतात. २००० नंतर तेच कार्ड सॉफ्टवेअरवाल्यांनी भिंतीवर चिकटवलं : करायचं, चालू, झालं. 'चालू'च्या खणात ठरावीकच चिठ्ठ्या ठेवायच्या. आपल्या पोरांना वाटतं हे एसी खोलीतलं ज्ञान. अरे, तुझा बाप ज्या फरशीवर घाम गाळतो तिथलं हे ज्ञान आहे. त्याला विचार, तो तुला फुकट शिकवेल.

आता 'पुरं झालं' म्हंजे काय झालं? इथं आपली शिकलेली पोरं फार फसतात. त्यांना वाटतं, आपलं काम निर्दोष असलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील, कोट्यातला आहे. हा धाक त्यांच्या मनात कुणी घातला ते सांगायला नको. या धाकानं पोरगं वर्षभर एकच पान घासत बसतं आणि कुणालाच दाखवत नाही.

त्यांनी बाबासाहेबांकडे बघावं. मसुदा समिती नेमली गेली २९ ऑगस्ट १९४७ ला. घटना मंजूर झाली २६ नोव्हेंबर १९४९ ला. समितीतले काही गेले, काही दूर राहिले, भार एकट्या आजारी माणसावर पडला, हे टी. टी. कृष्णम्माचारींनी घटना समितीत उभं राहून सांगितलंय. तरी काम तडीला गेलं. ३९५ कलमं होती, एकेक कलम घेऊन चर्चा झाली, निकाल लागला, पुढचं घेतलं. आणि ते काम निर्दोष आहे असा दावा कुणी केला नाही. दुरुस्ती कशी करायची ते ३६८ व्या कलमात आधीच लिहून ठेवलं होतं. पहिली दुरुस्ती १९५१ मध्येच झाली, अंमल सुरू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. म्हंजे पुरं झालेलं काम ते, जे लोकांच्या हातात पडलं आणि ज्याला दुरुस्तीचं दार ठेवलेलं आहे. त्याच बाबासाहेबांच्या कागदांत 'भारत आणि साम्यवाद' या ग्रंथाचा आराखडा निघाला, प्रकरणं अपुरी. राज्य सरकारनं ती तशीच १९८७ साली छापली. एवढ्या ताकदीच्या माणसाचंही काही राहून गेलं. तिथं आळस नव्हता, देह आणि वेळ संपला.

वेळ. खरं भांडण इथंच आहे.

आयबीएममध्ये मोठा प्रोग्राम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्सनं १९७५ साली पुस्तक लिहून सांगितलं की उशीर झालेल्या प्रोग्रामवर आणखी माणसं घातली तर तो आणखी रखडतो. आमच्याकडं तसं नाही. दाराच्या रुंदीला मावतील तोवर माणसं वाढवा, गाडी लवकर खाली होते. खोकं उचलणाऱ्याला आधीची खोकी कुठून आली ते समजावून सांगावं लागत नाही. कोडवर नवा माणूस आला की त्याला सगळा इतिहास सांगत बसावं लागतं. म्हणून कोड लिहिणाऱ्याला मदत करायची तर वेळ द्या, सलग वेळ.

आणि हा वेळ येतो कुठून? परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग भिवाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि स्वतः आडवे व्हायचे. पुऱ्या झालेल्या प्रत्येक कामाखाली अशी कुणाची तरी झोप असते. ज्यांची भांडी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी घासली, त्यांना ती झोप दिसत नाही. त्यांना वाटतं, सगळं आपल्या शिस्तीनं झालं. मग ते आपल्याला शिस्त शिकवायला येतात.

आपल्या घरातही बघा जरा. भाऊ लॅपटॉप उघडून बसला की घर गप्प होतं. बहीण बसली की चहा कोण टाकणार हा प्रश्न उभा राहतो. तिचा प्रोग्राम अर्धवट राहिला तर तिच्याकडं चिकाटी नाही म्हणायला सगळे मोकळे. मनुस्मृती चौकात जाळायची आणि मोरीपाशी पाळायची, हे चालणार नाही.

घड्याळासाठी आपली माणसं लढलीत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९४६ मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयक आलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्यातल्याच केंट बेकनं १९९९ च्या पुस्तकात आठवड्याला ४० तासांचा नियम घातला, कारण थकलेलं डोकं चुका पेरतं आणि त्या निस्तरण्यात पुढचा आठवडा जातो. आणि इथं २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळानं दुकानं-आस्थापनांतला दिवस ९ वरून १० तास आणि कारखान्यांतला ९ वरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. हिंजवडीतला पोरगा म्हणतो, मी कामगार नाही, इंजिनिअर आहे. बरं बाबा. मग रात्री अकराला साहेबाचा फोन आल्यावर उचलतोस कशाला?

तर करायचं काय? आमच्या टोळीपुरतं एक झालं, ते सांगतो. वस्तीतल्या एका पोरानं दोन मोठे प्रोग्राम सोडून दिल्यावर आम्ही त्याला म्हटलं, आमची हजेरी मांडून दे. नाव, तारीख, किती गाड्या, किती वाराई. बस्स. हप्ता भरायचा नाही, फोटो लावायचा नाही, लॉगिन नको. बुद्धविहाराची खोली रात्री नऊ ते अकरा त्याला मोकळी ठेवली. रविवारी टोळीतले दोघं जाऊन बघायचे, काय झालं, काय अडलं. चौथ्या रविवारी प्रोग्राम आमच्या मोबाइलात होता. ओबडधोबड, एकाच रंगाचा. महिनाअखेरीला मुकादमाच्या वहीत ४१ गाड्या निघाल्या, आमच्याकडं ४६. आम्ही सगळी टोळी मिळून गेलो. तीन गाड्यांचे पैसे मिळाले, दोनाचा वाद चालू आहे. १९६९ चा माथाडी कायदा कागदावर आहे, पण आमच्यातल्या कुणाचीही बोर्डात नोंद नाही. आता निदान आकडा आमच्या हातात आहे.

म्हणून वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींना माझं सांगणं : एका वेळी एक गाडी. ज्याला ती लागणार आहे त्या माणसाला आधी विचारा. चार रविवारांत संपेल एवढीच घ्या, संपली की लोकांच्या हातात द्या, मग चुका काढा. आणि बाकीच्यांनी विहाराची, समाजमंदिराची खोली रात्री उघडी ठेवा, आठवड्यातून तीन रात्री पोरींसाठी आधी. किल्ली मंडळाच्या अध्यक्षाच्या खिशात असेल तर ती मागून घ्या. देत नसेल तर पुढल्या मीटिंगला हाच विषय घ्या.

जय भीम.