आधी परतीची वाट, मग गळ



मृग लागला की खेड्यात दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक पेरणीची आणि दुसरी मासे धरण्याची. पेरणीबद्दल आपण या पानावर दरवर्षी बोलतो. माशांबद्दल कोणी बोलत नाही, कारण तो शेतीचा विषय नव्हे असे आपण धरून चालतो. पण कोकणात आणि मावळपट्टीत पहिल्या पुराच्या दिवशी कितीतरी घरांत कालवण होते ते चढणीच्या माशांचेच. कोठे त्याला वळगणीचे मासे म्हणतात. त्या दिवशी आबालवृद्ध नदीकडे धावतात. ज्याला जी जागा सापडेल तेथे तो बसतो. ही जागा कशी निवडावी, एवढाच आजचा विषय आहे.

आधी मासे का चढतात ते पाहू. उन्हाळाभर ते डोहात दडून असतात. पहिला जोराचा पाऊस झाला, नवे पाणी आले, की अंड्यांवर आलेले मासे प्रवाहाविरुद्ध निघतात. ओढ्यात, नव्याने बुडालेल्या गवतात, भातखाचरात, अशा उथळ आणि सुरक्षित जागी त्यांना अंडी घालायची असतात. रोहू, कटला, मृगळ हे तर साठलेल्या तळ्यात एरवी अंडी घालतच नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून पूर्वी तळ्यात सोडायचे बीज पुराच्या नदीतूनच गोळा करावे लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले, तेव्हा कोठे ही अडचण सुटली. गावच्या ओढ्याला मात्र आजही पूर हाच दाई आहे.

आता जागेकडे वळू.

पहिली गोष्ट, जागा पुराच्या दिवशी शोधू नका. पाऊस पडण्यापूर्वी, उजेडी, नदी रोडावलेली असताना एक फेरी मारा. डोह कोठे आहे, खडक कोठे आहेत, वाळू उपसल्याने खड्डे कोठे पडले आहेत, हे तेव्हाच दिसते. गढूळ पाणी आले की हे सारे झाकले जाते, आणि गुडघाभर वाटणाऱ्या पाण्यात पुरुषभर खड्डा निघतो.

दुसरी गोष्ट मला एका म्हातारबाबांनी शिकवली. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावी पहिल्या पुराच्या दिवशी मीही हौसेने नदीवर गेलो. प्रवाहात एक छान सपाट खडक होता. मी त्यावर बसलो. गळ टाकायला याहून चांगली जागा नाही असे मला वाटले. बाबा काठावर होते. त्यांनी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली आणि मला हाक मारली, "साहेब, बसायचं ते उठायचं कुठून ते बघून." मी हसलो. आमच्याकडे पाऊस थांबला होता, ऊन पडले होते. थोड्या वेळाने काटकी बुडाली. बाबांनी पुन्हा हाक मारली ती जरा दरडावूनच. मी गुडघाभर पाण्यातून कसाबसा काठावर आलो. मागे वळून पाहतो तो खडक दिसेना. आमच्याकडे ऊन होते, पण घाटमाथ्यावर ढग कोसळत होता.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूस एकाच कुटुंबातील पाच माणसे अशीच प्रवाहात उभी असता पाणी वाढून वाहून गेली. तेव्हा जागा काठाचीच घ्या. पाठीमागे चढून जायला मोकळी, न निसरडी वाट हवी. नदीमधील बेट, खडक आणि दोन प्रवाहांमधली वाळू या जागा वर्ज्य समजा. काटकी रोवाच. पाणी एकाएकी गढूळले, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, तर गळ गुंडाळण्यातही वेळ घालवू नका. वर धरण असेल तर विसर्गाची सूचना आधी विचारून घ्या. वीज कडाडू लागली तर नदीकाठ सोडा आणि झाडाखाली थांबू नका. एकट्याने जाऊ नका.

तिसरी गोष्ट, पाणी कोणते निवडावे? मासा हा काही मल्ल नव्हे. धारेशी झुंजून तो दमतो, आणि दमला की आडोसा धरतो. मोठ्या धोंड्याच्या मागे, वळणाच्या आतल्या बाजूस, झाडाची मुळे पाण्यात उतरली असतील तेथे, आणि जोराची धार व संथ पाणी जेथे एकमेकांना लागतात त्या कडेला तो विसावतो. माणूस सहज चालतो त्या वेगाने पाणी वाहत असेल तर ती जागा चांगली. पूर मोठा असेल तर मासे मधली धार सोडून काठाशी येतात. तेव्हा मध्ये शिरण्याचे कारणच नाही. गांडूळ लावून काठावरूनच गळ टाकावा.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. काही जागा मोकळ्या सोडायच्या असतात. ओढा नदीला मिळतो ते मुख, खाचराचे पाणी उतरते ती सांड आणि बंधाऱ्याचा पायथा. मासे येथे ढिगाने सापडतात हे मला माहीत आहे. पण ते सापडतात, कारण त्यांना वर जायचे असते आणि वाट एवढीच असते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी तर पडणारे पाणी उलटे फिरून माणसालाही खाली ओढते. ओढ्याच्या मुखाशी या काठापासून त्या काठापर्यंत जाळे किंवा मच्छरदाणी आडवी बांधली, की त्या ओढ्याचे पुढच्या वर्षीचे मासे आजच संपले. सापळा लावायचाच तर निम्मा ओढा तरी उघडा ठेवा.

माझ्या भगिनींनो, मासा तुम्ही चिरता. या दिवसांत गाबोळी किती निघते ते तुम्हाला ठाऊक आहे. किलोभराच्या रोहूच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. पाणी उबदार असेल तर ती पंधरा ते वीस तासांत फुटतात. म्हणजे एक दिवस थांबले तरी हिशेब पालटतो. बियाणे भाजून खाणाऱ्या कुणब्याला आपण काय म्हणू? चढणीचा गाबोळीने भरलेला मासा सोडा, अंडी घालून उतरू लागलेला धरा, असे पुरुषमंडळींना तुम्हीच सांगितलेत तर ते माझ्यापेक्षा जास्त ऐकतील. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर तरंगताना दिसला, तर खाली मरळ राखण करीत असते. तिला मारले तर सगळा पुंजका अनाथ होतो.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीलहेड नावाचा मासा आहे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढतो. हंगाम उघडायच्या दिवसासाठी तेथील हौशी मंडळी आधीच नदी पायाखाली घालून जागा हेरून ठेवतात. तेही माणसाच्या चालीचे पाणी आणि धारेची कडच शोधतात. पण तेथे परवाना लागतो. अनेक नद्यांत मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला मासाच घरी नेता येतो. त्याच्या पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर आधीच कापलेला असतो, ती त्याची खूण. पर शाबूत असलेला रानमासा जिवंत सोडावा लागतो.

आपल्याकडे समुद्राला पावसाळ्यात विश्रांती असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून कोळी बांधव दर्याला हात जोडतात, तो त्यांचा हंगाम उघडण्याचा दिवस. गावच्या ओढ्याला अशी पौर्णिमा नाही आणि तेथे पहाराही नाही. ती आपण गावाने ठरवायची. पहिले दोन-तीन पूर ओढे मोकळे सोडायचे आणि गळ टाकायचा तो मोठ्या नदीच्या काठावर, एवढे ग्रामसभेत ठरले तरी पुरे. सुरुंग, विष आणि तारेवर आकडा टाकून पाण्यात सोडलेली वीज हे तर गुन्हेच आहेत, आणि त्यांत माणसेही मरतात. तलाव वा जलाशय संस्थेकडे ठेक्याने असेल तर विचारल्याशिवाय तेथे गळ टाकू नये.

जाता जाता शेतीचेही एक सांगतो. तणनाशकाचा वा कीटकनाशकाचा पंप ओढ्यात धुऊ नका आणि रिकामे डबे काठावर टाकू नका. पहिला पूर ते सारे थेट पिल्लांच्या अंगावर नेतो. असे पाणी मिळते त्याच्या खालच्या अंगाला मासे धरू नका.

यंदा पूर आला की अवश्य जा. पोरांना न्या, पण हाताला धरून. काठावर काटकी रोवा आणि उठायची वाट पाहून मगच बसा. माशालाही त्याची वाट मोकळी ठेवा. पुढच्या मृगाला ओढा रिकामा राहणार नाही.